हेलिकोप्रियनच्या दातांची चकली नेमकी कुठे बसवायची?

शिवडीचा वाचक

नमस्कार.

आमच्या शिवडीच्या सोसायटीत मुलांसाठी एक लहानसे वाचनालय आहे. दर महिन्याला तिथल्या फलकावर एका नामशेष प्राण्याची माहिती चित्रासह लावायची, असे काम आम्ही दोघातिघा निवृत्तांनी अंगावर घेतले आहे. मॅमथ, डोडो आणि राजासॉरस झाले. या महिन्यासाठी हेलिकोप्रियन हा पर्मियन काळातला, म्हणजे सुमारे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला शार्क निवडला, कारण ज्याच्या तोंडात दातांची चकली होती असा प्राणी मुलांच्या लक्षात राहीलच, याची खात्री होती. चकली हा शब्द मी केवळ गमतीने वापरत नाही. जीवाश्माचे छायाचित्र पाहिले तर सोऱ्यातून पाडलेली काटेदार चकली दगडात बसवून दिली आहे असेच वाटते. फक्त इथला प्रत्येक काटा म्हणजे एक दात आहे.

अडचण चित्राची आहे. चित्र माझी नात काढणार आहे; ती आठवीत शिकते. रद्दीतून मिळालेल्या एका जुन्या पुस्तकात हे वेटोळे वरच्या जबड्याच्या टोकावर, हत्तीने सोंड उचलावी तसे वर वळलेले दाखवले आहे. दुसऱ्या एका चित्रात ते खालच्या जबड्याच्या पुढे लोंबते आहे. नातीने मोबाइलवर शोधलेल्या तिसऱ्या चित्रात तर ते बाहेरून जवळजवळ दिसतच नाही, कारण ते खालच्या जबड्याच्या आत बसवले आहे. एकाच प्राण्याचे तोंड तीन चित्रकारांनी तीन तऱ्हांनी काढावे, हे मला विचित्र वाटले. नातीचा युक्तिवाद असा की जे चित्र सर्वांत नवे ते खरे. मला तेवढ्याने समाधान होत नाही. नवे चित्र खरे असेल तर ते नवे आहे म्हणून नव्हे, त्यामागे काही पुरावा आहे म्हणून खरे असले पाहिजे, आणि तो पुरावा कोणता, हे फलकावर दोन ओळींत लिहिता आले पाहिजे.

जाणकारांनी कृपया सांगावे, की वेटोळ्याची जागा आता निश्चित झाली आहे का आणि झाली असल्यास ती कशावरून झाली? शिवाय, एवढा मोठा प्राणी असताना त्याचे बाकीचे हाड एकही कसे सापडले नाही?

सागरिका

आपला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या घोळाचे मूळ त्यात आहे. या प्राण्याला हाडे नव्हतीच. शार्क, पाकट आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या सर्व माशांचा सांगाडा कूर्चेचा असतो, म्हणजे आपल्या बाहेरच्या कानात किंवा नाकाच्या शेंड्यात असते तशा लवचिक पदार्थाचा. मासा मेला की कूर्चा लवकर कुजते आणि विस्कटते. दात मात्र कठीण असतात, ते उरतात. त्यामुळे जगभरातून मिळालेल्या हेलिकोप्रियनच्या जीवाश्मांत जवळजवळ सर्वत्र फक्त दातांचे वेटोळे हाती आले आणि ते ज्या तोंडात होते ते तोंड नाहीसे झालेले होते. एखाद्या अनोळखी यंत्राचे केवळ चक्र भंगारात सापडावे आणि त्यावरून यंत्र उभे करायचे, अशी ही गत होती.

आता इतिहास. पश्चिम ऑस्ट्रेलियात मिळालेल्या एका तुटक्या तुकड्याचे वर्णन हेन्री वुडवर्ड यांनी १८८६ मध्ये केले होते, पण अर्ध्या तुकड्यावरून ते पुरे वेटोळे आहे हे कळण्यासारखे नव्हते. पूर्ण वेटोळे रशियात, उरल पर्वताच्या परिसरातील क्रास्नोउफिम्स्क येथे मिळाले आणि भूवैज्ञानिक अलेक्सांद्र कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहून प्राण्याला हेलिकोप्रियन हे नाव दिले. ग्रीक भाषेत पहिल्या अर्ध्या शब्दाचा अर्थ वेटोळे आणि दुसऱ्याचा करवत. आपल्या जुन्या पुस्तकातली सोंड कार्पिन्स्की यांच्या चित्रातून आली आहे. वेटोळे वरच्या जबड्याच्या पुढे येऊन वर वळलेले असावे, असे त्यांना वाटले. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण हातात दुसरा दुवाच नव्हता. पुढे काहींनी ते पाठीच्या परावर चढवून पाहिले, काहींनी शेपटीवर, काहींनी घशाच्या आत. आपली तीन चित्रे ही त्या लांबलचक यादीतली तीनच आहेत.

कलाटणी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातून मिळाली. तिथल्या फॉस्फेटच्या खाणींत, म्हणजे शेतीच्या खतासाठी जो दगड खणतात त्यात, हेलिकोप्रियनची वेटोळी मोठ्या संख्येने सापडतात. तिथून १९५० मध्ये निघालेल्या एका नमुन्यात दातांच्या भोवती कूर्चेचे अवशेषही टिकून राहिले होते. डेन्मार्कचे पुराजीवशास्त्रज्ञ स्वेन्ड एरिक बेन्डिक्स-आल्मग्रीन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि वेटोळे खालच्या जबड्यात, दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्यावर उभे होते असे सांगितले. मात्र दगडाच्या पृष्ठभागावर जेवढे दिसते तेवढ्यावरच त्यांना निष्कर्ष काढावा लागला. आतला भाग दगडातच राहिला.

तो भाग दगड न फोडता पाहता आला तो सीटी स्कॅनमुळे. लेफ टॅपानिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नमुन्याचे स्कॅन करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३ सेंटिमीटर व्यासाच्या त्या वेटोळ्यात ११७ दात आहेत. दगडाच्या आत खालच्या जबड्याची कूर्चा, वरच्या जबड्याची कूर्चा आणि वेटोळ्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी आणखी एक कूर्चा, असे तिन्ही भाग मिळाले आणि ते एकमेकांत कसे बसतात हेही स्पष्ट झाले. वेटोळे खालच्या जबड्याच्या टोकावर लोंबत नव्हते. जबड्याची सगळी लांबी त्याने व्यापली होती आणि त्याचा मागचा भाग थेट जबड्याच्या सांध्यापाशी पोचत होता. वरच्या जबड्यात त्याला जोड देणारे दुसरे वेटोळे नव्हते.

तेव्हा आपल्या नातीने शोधलेले तिसरे चित्र बरोबर आहे आणि त्याचे कारण देण्याची आपली अटही बरोबर आहे. सोंडेचे चित्र केवळ दातांवरून काढलेले होते. आतल्या वेटोळ्याचे चित्र जबड्यावरून काढलेले आहे.

ससून डॉक

सागरिकाताईंनी इतके नीट सांगितले आहे, की माझ्यासारख्याने भर घालावी का, असा विचार करत होतो. आमच्या घरात तीन पिढ्या मासळीचा व्यवसाय आहे आणि मुशी, म्हणजे लहान शार्क, रोज हाताखालून जाते, म्हणून एक गोष्ट लिहितो.

मुशीचे तोंड उघडून पाहिले तर दातांची एक ओळ उभी दिसते आणि तिच्या मागे, हिरडीच्या आत, आणखी ओळी आडव्या निजलेल्या असतात. पुढचा दात पडला की मागचा उठून त्याच्या जागी येतो. हे आयुष्यभर चालते, त्यामुळे मुशीच्या दातांना म्हातारपण माहीत नसते. माझा प्रश्न असा आहे, की हेलिकोप्रियनमध्ये हीच रीत असेल तर जुने दात गळून पडायला हवे होते. ते गळून न पडता वेटोळ्यात कसे राहिले?

दुसरे म्हणजे, वरच्या जबड्यात दात नव्हते हे वाचून मला आमच्या विळीची आठवण झाली. सुरीने कापताना सुरी चालते; विळीवर कापताना पाते जागच्या जागी उभे असते आणि मासा त्यावर दाबून ओढावा लागतो. बाजारात सुरमई, घोळ असे मोठे मासे विळीवर किती लवकर कापले जातात ते पाहिले, म्हणजे एकाच पात्याने काम भागते की नाही ही शंका राहत नाही. हा प्राणी तोंडात विळी घेऊनच फिरत होता, असे म्हणता येईल का?

सागरिका

विळीची उपमा मी उद्यापासून वर्गात वापरणार आहे. आपली हरकत नसावी.

एवढाच फरक ध्यानात ठेवावा, की विळीचे पाते स्थिर असते आणि इथे पाते खालच्या जबड्यासकट वर येत होते. पण भक्ष्य वरच्या बिनदाती टाळ्याशी दाबले जाऊन पात्यावरून सरकत होते, हा आपल्या उपमेतला गाभा योग्य आहे. जेसन रॅमसे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याच जबड्याच्या हालचालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जबडा मिटताना वेटोळ्याच्या वरच्या कमानीवरचे दात सांध्याभोवती वर्तुळाकार मार्गाने मागे सरकतात. त्यामुळे सगळे दात एकच काम करत नाहीत. पुढचे दात भक्ष्यात रुतून त्याला आत ओढतात, मधले चिरतात आणि मागचे तुकडा घशाकडे ढकलतात.

आता दात गळण्याबद्दल. मुशीची रीत आणि हेलिकोप्रियनची रीत अर्ध्यापर्यंत सारखीच आहे. नवा दात जबड्याच्या मागच्या, आतल्या बाजूस तयार होतो आणि आधीच्या दातांना पुढे सरकवतो. मुशीत पुढच्या टोकाला पोचलेला दात सुटून पडतो. हेलिकोप्रियनचे सर्व दात मात्र मुळाशी एकाच अखंड पट्टीला जोडलेले होते, त्यामुळे सुटून पडायला वावच नव्हता. पुढच्या टोकाला आलेला दात खाली वळला, जबड्याच्या कूर्चेच्या आत शिरला आणि तिथे आणखी जुन्या दातांच्या भोवती गुंडाळला गेला. पट्टी वाढत गेली तसे फेरे वाढले. वेटोळ्याच्या अगदी मध्यावर जे बारीक दात दिसतात ते त्या प्राण्याचे बालपणीचे दात आहेत. पिल्लाने ज्या दातांनी पहिले भक्ष्य पकडले तेच दात त्याने मरेपर्यंत जबड्यात पुरून ठेवले होते, आणि कापण्याच्या कामी फक्त वरच्या कमानीवरचे थोडे दात येत होते.

यावरून नातीसाठी एक सूचना. बहुतेक चित्रकार वेटोळ्याची दिशा चुकवतात. माशाचे तोंड कागदाच्या डाव्या बाजूस असेल, तर बाहेरचा शेवट उजवीकडे, जबड्याच्या सांध्याजवळ सुरू झाला पाहिजे. तिथून तो वरून डावीकडे यावा, पुढच्या टोकाला खाली वळावा आणि मग आत गुंडाळत जावा. बाहेरच्या फेऱ्यातले दात मोठे, मधले सर्वांत लहान. दातांच्या कडा दंतुर काढाव्यात.

शिवडीचा वाचक

आभारी आहे. नातीने काल रात्रीच एक कच्चे चित्र काढले होते आणि त्यात दिशा नेमकी उलटी होती. आपला प्रतिसाद वाचून तिने काही न बोलता खोडरबर घेतले.

मला मात्र एक शंका सतावते आहे. करवतीचे दात वापराने झिजतात, विळीलाही धार लावावी लागते. जो प्राणी आपले दात टाकूनच देत नाही त्याचे दात वर्षानुवर्षे वापरून बोथट व्हायला हवेत, काही तुटायलाही हवेत. जीवाश्मांत तसे दिसते का? आणि एवढे हत्यार घेऊन तो खात होता तरी काय?

सागरिका

आपली शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे, कारण आहाराचा अंदाज याच निरीक्षणावरून बांधला गेला. हेलिकोप्रियनच्या वेटोळ्यांत झिजलेले किंवा मोडलेले दात फार कमी आढळतात. कवच फोडणाऱ्या माशाचे दात असे राहत नाहीत. त्यावरून भक्ष्य मऊ अंगाचे होते असे मानले जाते, आणि पर्मियन समुद्रात तसे भक्ष्य मुबलक होते. आज बाजारात मिळणाऱ्या माकुळाचे दूरचे पूर्वज आणि चुलते तेव्हा मोठ्या संख्येने होते. काहींचे अंग शंखासारख्या कवचात असे, पण तोंडाकडचा मऊ भाग बाहेर असे. पुढच्या दातांनी तो भाग पकडून कवचातून ओढून काढणे या जबड्याला जमले असते, असेही रॅमसे यांच्या अभ्यासात सुचवले आहे. वरच्या जबड्यात दात नसणे अशा आहाराला अडचणीचे नाही. कठीण हाडे चिरडायची असती तर मात्र ती फार मोठी उणीव ठरली असती.

एवढे नक्की, की चित्रपटात शोभेल असा सर्वांना फाडून खाणारा राक्षस म्हणून त्याला रंगवू नये. फलकावरच्या मथळ्यात तो मोह होईल म्हणून आधीच सांगून ठेवते.

अंधेरीकर

चर्चा वाचताना एक विचार मनात आला. आपल्या अंधेरीतला गिल्बर्ट हिल हाही कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे असे तिथल्या माहितीत वाचले आहे. मुंबई बेटांच्या चहूबाजूंनी समुद्र. मग इथल्या खडकात अशा शार्कचा एखादा दात मिळण्याची शक्यता आहे का? फलकावर मुंबईचा संबंध जोडता आला तर मुलांना अधिक गोडी वाटेल.

भूस्तर

मुलांना गोडी वाटावी ही इच्छा चांगली आहे, पण हा संबंध जोडता येणार नाही, आणि का जोडता येणार नाही हे सांगणे मला अधिक गोडीचे वाटते.

गिल्बर्ट हिल हा ज्वालामुखीच्या लाव्हारसातून थंड होऊन बनलेला काळा बेसॉल्ट आहे आणि त्याचे वय सहा कोटी वर्षांहून थोडे अधिक आहे. हेलिकोप्रियनचा काळ साधारण २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे मुंबईचा पाया घातला गेला तेव्हा हेलिकोप्रियनला नामशेष होऊन वीस कोटी वर्षे उलटली होती. शिवाय लाव्हारसात मासे टिकत नाहीत. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साठलेल्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात. वरळीच्या अशा थरांतून मिळालेला इंडोबॅट्राकस नावाचा लहानसा बेडूक प्रसिद्ध आहे. पण तो गोड्या पाण्यातला. मुंबईच्या भोवती आज असलेल्या समुद्राचा त्या खडकांशी काही संबंध नाही.

महाराष्ट्रात हेलिकोप्रियनचा समकालीन दगड पाहायचा असेल तर चंद्रपूरला जावे लागेल. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा पर्मियन काळातल्या वनांचा आहे. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता, आधीच्या हिमयुगातले बर्फ वितळून गेले होते आणि दलदलीत ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीची दाट जंगले वाढली होती. त्याच काळात दूरच्या समुद्रांत हेलिकोप्रियन पोहत होता. आपल्याकडे त्या सुमारास समुद्र अगदीच आला नाही असे नाही. मध्य प्रदेशातील उमरिया आणि छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे पर्मियनच्या आरंभी समुद्राचा एक फाटा आत शिरला होता आणि त्यातले शिंपले तिथल्या थरांत आजही दिसतात.

अंधेरीकरांना मुंबईचा संबंध हवाच असेल तर एक आडमार्ग आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत आणणारी उच्चदाब वाहिनी आहे. वाचनालयातल्या दिव्याखाली हेलिकोप्रियनचे चित्र पाहणारी मुले त्याच काळातल्या झाडांच्या उजेडात ते पाहत असण्याचा बराच संभव आहे. हे फलकावर लिहावे की नाही ते आपण ठरवा. मला थोडे ओढूनताणून वाटते, पण खोटे नाही.

जुना ग्रंथपाल

माझा मुद्दा नावाचा आहे. प्रश्नकर्त्यांनी हेलिकोप्रियनला शार्क म्हटले आहे आणि बहुतेक पुस्तकेही तसेच म्हणतात. माझ्या वाचनात मात्र असे आले आहे, की तो खरा शार्क नव्हता. मग मुलांना चुकीचा शब्द का शिकवावा?

सागरिका

आपले वाचन बरोबर आहे. कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांच्या आज दोन मोठ्या शाखा जिवंत आहेत. एकीत शार्क आणि पाकट येतात. दुसरीत कायमेरा नावाचे मोठ्या डोळ्यांचे, लांब शेपटीचे मासे येतात. ते बहुधा खोल पाण्यात राहतात, त्यामुळे आपल्या बाजारात कोणाच्या ओळखीचे नाहीत. २०१३ च्या स्कॅनमध्ये वरचा जबडा कवटीला कसा जोडलेला होता हे दिसले आणि त्यावरून हेलिकोप्रियन दुसऱ्या शाखेच्या बाजूचा ठरला. कोळणीच्या टोपलीतली मुशी आणि पाकट ही एकमेकांची जितकी जवळची, तितका हेलिकोप्रियन मुशीच्या जवळचा नव्हता.

तरीही मी शार्क हा शब्द पूर्णपणे गाळण्याच्या बाजूची नाही. कायमेरा म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. मथळ्यात शार्क लिहावे आणि खाली पहिल्याच वाक्यात नाते स्पष्ट करावे, हे मला योग्य वाटते.

जुना ग्रंथपाल

मला ते योग्य वाटत नाही. मथळा सर्वजण वाचतात आणि खालचे वाक्य थोडेच वाचतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. मथळ्यात ‘शार्कचा दूरचा भाऊबंद’ असे लिहिल्यास दोन शब्द वाढतील, पण चूक राहणार नाही. भाऊबंद म्हटले की जमिनीचा वाद आणि लांबचे नाते दोन्ही मराठी मुलांना घरूनच माहीत असते.

ससून डॉक

भाऊबंद हा शब्द मला पटला. आमच्याकडे मुशी म्हणतात आणि मालवणकडे तिलाच मोरी म्हणतात, तिथेच नावावरून वाद होतो. हा तर सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचा मामला आहे.

एक विचारायचे राहिले. याची लांबी किती सांगावी? नातीच्या चित्राशेजारी माणसाची आकृती काढायची झाल्यास प्रमाण लागेल.

सागरिका

इथे मात्र मी सावधगिरीचा सल्ला देईन. लांबीचा प्रत्येक आकडा वेटोळ्याच्या व्यासावरून केलेला अंदाज आहे, कारण अखंड देह कोणालाच मिळालेला नाही. सर्वांत मोठ्या वेटोळ्यांपैकी एकाचा व्यास ५६ सेंटिमीटर आहे. एवढा जबडा असलेला प्राणी कित्येक मीटर लांब होता यात संशय नाही. पण कोणी पाच ते आठ मीटर म्हणतात, कोणी त्याहून पुष्कळ अधिक. त्यापेक्षा फलकावर ५६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ खऱ्या मापात कापून लावावे. घरातल्या मोठ्या परातीएवढे ते होईल आणि मुले आपला हात त्यावर ठेवून पाहतील.

देहाच्या आकाराबद्दल थोडा आधार आहे. त्याच्या गणातल्या कॅसिओडस आणि रोमेरोडस यांसारख्या लहान नातलगांच्या देहांचे अवशेष मिळाले आहेत. त्यांच्या पाठीवर एकच पर होता आणि शेपूट चंद्रकोरीसारखे होते, म्हणजे ते वेगाने पोहणारे असावेत. हेलिकोप्रियनचे धड त्यांच्यावरून काढतात. जबडा पाहिलेला आहे, धड ताडलेले आहे, हा फरक चित्रात दिसला तर फार बरे होईल.

शिवडीचा वाचक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. चित्र काल पूर्ण झाले, म्हणून कळवतो.

जबडा, वेटोळे आणि कवटीचा भाग नातीने काळ्या शाईने ठळक काढला आहे आणि तिथून मागचा सगळा देह पेन्सिलीने, तुटक रेषेत. तिच्या मैत्रिणीने ‘चित्र अर्धवट का सोडलेस’ असे विचारले, तेव्हा तिने ‘अर्धवटच सापडला आहे’ असे उत्तर दिले. मथळ्यात जुन्या ग्रंथपालांचा भाऊबंद घेतला आहे. कार्पिन्स्की यांची सोंडही कोपऱ्यात लहान आकारात काढून त्याखाली १८९९ असे लिहिले आहे, मधल्या जबड्याखाली १९६६ आणि मोठ्या चित्राखाली २०१३. विजेचा मुद्दा मी गाळणार होतो, पण नातीने तो सर्वांत खाली बारीक अक्षरांत लिहूनच टाकला.

५६ सेंटिमीटरच्या वर्तुळासाठी पुठ्ठा कमी पडला, म्हणून सौभाग्यवतींच्या परवानगीने खरोखरीच परात उलटी ठेवून तिच्यावरून खडूने रेषा मारली आणि मग मोजपट्टीने उरलेले चार सेंटिमीटर बाहेरच्या बाजूने वाढवून घेतले. परात दिवाळीच्या आत परत करायची आहे.